दूध पातळ होतं का?

१

लॉर्ना पेट्रीची सकाळ ठरलेली असायची. तळघरातली घर तापवणारी भट्टी सुरू झाली की भिंतीतले पाइप कुरकुरायला लागायचे, मग कॉफीचं यंत्र गुरगुरायचं, आणि ती अंगावर नवऱ्याचा जुना स्वेटर चढवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून बसायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओहायो नदीच्या काठचा काचकारखाना बंद पडला तेव्हा तिची तिथल्या ऑफिसातली नोकरीही गेली. तेव्हापासून दिवसभरात तिच्याशी बोलणारी माणसं या टेबलावरच भेटायची, पडद्यावर.

आणि ती भेटायची भरपूर. त्या गावात कोणाच्या पोटात एखादी गोष्ट राहिनाशी झाली, की ती लॉर्नापाशी येऊन पडे. धाकटा भाऊ डेल दारूबद्दल फक्त तिच्याशी बोलायचा. चर्चमधल्या बायका नवऱ्यांबद्दल लिहायच्या. लॉर्ना ऐकून घ्यायची आणि इकडचं तिकडे करायची नाही. नोकरी गेली, नवरा गेला, पण ‘लॉर्नाला सांग, ती कोणाला बोलणार नाही,’ ही गावातली पत शाबूत होती. तेवढ्यावर ती मान ताठ ठेवून बाजारात जायची.

डॉटी मॅडॉक्स तिची शाळेपासूनची मैत्रीण. ती टेकडीवरच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची. अंघोळी घालायच्या, भरवायचं, चादरी बदलायच्या. तिथे स्वागतकक्षातली जागा रिकामी झाली, तेव्हा डॉटीनेच लॉर्नाचं नाव पुढे केलं. “मुलाखत नावाला आहे गं,” ती म्हणाली होती. “नीट केस विंचरून जा म्हणजे झालं.”

मुलाखत घ्यायला एकटे मिस्टर हॅस्केल होते, आश्रमाचे व्यवस्थापक. वरच्या मजल्यावरची लांबट खोली, खिडकीखाली टिकटिकणारा हीटर, करड्या गालिचाला ओल्या बुटांचा वास. हॅस्केल मऊ बोलणारा, नीटनेटका गृहस्थ. एकदा भेटून रस्त्यात ओळखू येणार नाही असा चेहरा. कारखान्याबद्दल त्याने दोन गोष्टी विचारल्या, मान हलवली, आणि मग टेबलावरचा कीबोर्ड हळूच तिच्याकडे फिरवला.

“आमच्याकडे म्हातारी माणसं असतात, मिसेस पेट्री. त्यांच्याजवळ कोणाला बसवतो आहोत, ते आम्हाला बघावं लागतं. तुमचं फेसबुक जरा उघडून दाखवाल?”

तिला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. तिच्या चेहऱ्यावरून त्याला ते कळलं असावं.

“पासवर्ड मला नको. तो तुमचा खाजगी. तुम्हीच उघडा. मी नुसता शेजारी बसतो.”

आणि तो खरंच आपली खुर्ची उचलून तिच्या शेजारी येऊन बसला.

फोटो बघेल, तिने मनाशी म्हटलं. बघू दे. फुलझाडं आहेत, भावाची मुलं आहेत. तिने खातं उघडलं. हॅस्केलने फोटोंकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट खाजगी संदेशांत शिरला. डाव्या बाजूला नावं ओळीने आली, एकेकाचा छोटासा हसरा फोटो घेऊन. त्यातल्या डॉटीच्या नावावर त्याचं बोट थांबलं.

“ही आपलीच डॉटी ना?”

हे माझं नाही, दुसरीचं आहे, असं वाक्य लॉर्नाच्या अगदी ओठांवर आलं होतं. एक हिवाळा आणि एक उन्हाळा ती घरी बसून होती. ते वाक्य तिने गिळलं.

“हो,” ती म्हणाली, आणि वर हसलीसुद्धा. पुढे कितीतरी दिवस तिला त्या हसण्याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटत राहिली.

तो सावकाश वाचत गेला. माउसचं चाक फिरल्याचा बारीक आवाज, हीटरची टिकटिक, एवढंच. वाचताना त्याचे ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. लॉर्ना खिडकीबाहेर बघत बसली होती, तरी एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. डॉटीने लिहिलेलं तो भराभर पुढे ढकलत होता. लॉर्नाची स्वतःची उत्तरं आली, की मात्र थांबत होता. ती तो पुन्हा पुन्हा पुटपुटायचा, मुलं कविता पाठ करतात तसा.

२

नोकरी लागली. बातमी कळताच डॉटी गाडी काढून आली, दारातच तिने लॉर्नाला मिठी मारली आणि आता दुपारचं जेवण रोज एकत्र म्हणून ठरवूनही टाकलं. लॉर्ना तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होती. डॉटीच्या नजरेला नजर देणं तिच्या जिवावर आलं होतं.

डॉटी गेल्यावर ती कॉम्प्युटर उघडून बसली. हॅस्केलने नेमकं काय वाचलं असेल ते तिला बघायचं होतं. कदाचित आपल्याला वाटतं तेवढं वाईट नसेल, अशी एक वेडी आशा होती.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आश्रमात मिस्टर गॅन्ट म्हणून एक म्हातारे होते, जन्मभर नदीवर बोटी चालवलेले. त्यांचा घसा निकामी झाला होता, पातळ काही गिळलं की ते श्वासनलिकेत जायचं. सगळं खाणं वाटून द्यायचं, पाणीसुद्धा पीठ घालून घट्ट करून द्यायचं, असा डॉक्टरांचा सक्त हुकूम होता. म्हातारा रोज एकच मागायचा, आईच्या हातचा मक्याचा पाव, दुधात कुस्करून. शेवटी डॉटीला राहवलं नाही. तिने घरून पाव भाजून नेला, दार लावून घेतलं आणि वाटीभर भरवला. म्हातारा लहान मुलासारखा रडला म्हणे. थोड्याच दिवसांत त्याला न्यूमोनिया झाला आणि तो गेला. दूध फुफ्फुसात उतरलं होतं की वयच झालं होतं, ते कोणालाच सांगता आलं नसतं. आश्रमात कोणाला पावाचा पत्ता नव्हता. डॉटीने फक्त लॉर्नाला लिहिलं होतं, ‘मीच मारलं त्यांना.’

त्यावर आपण काय लिहिलं होतं, ते लॉर्नाला शब्दन् शब्द आठवत होतं. ‘तू मारलं नाहीस. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाला चव आली ती तुझ्यामुळे. रडून घे. मी येतेच आहे.’ आयुष्यात आपण एकदा तरी बरोबर बोललो, असं तिला त्या ओळींबद्दल वाटायचं. मग म्हाताऱ्याला पुरलं त्या दिवशी डॉटी इथे येऊन पोटभर रडून गेली होती.

डॉटीने लिहिलेलं पडद्यावर होतं तसंच होतं. त्याखाली लॉर्नाच्या नावाने, बागेतल्या तिच्या हसऱ्या फोटोशेजारी, लिहिलं होतं:

‘दूध पातळ होतं का ?’

त्याखाली डॉटी: ‘हो.’

‘खोलीत आणखी कोण होतं ?’

‘कोणी नाही. मी दार लावून घेतलं होतं.’

‘म्हणजे आपण काय करतो आहोत ते तुला माहीत होतं.’

आणि शेवटी डॉटी: ‘हो गं. माहीत होतं.’

वर तारीख होती तीच, दोन हिवाळ्यांपूर्वीची.

लॉर्नाने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. प्रश्नचिन्हाच्या आधी एक जागा मोकळी सोडायची तिची जुनी खोड. टायपिंग शिकवणाऱ्या बाई त्यावरून तिला रागवायच्या. इथे प्रत्येक प्रश्नचिन्हाच्या आधी ती मोकळी जागा होती. भिंतीतला पाइप कुरकुरला तशी ती दचकली.

३

माणसाचं डोकं वाट काढतंच. आपल्यालाच नीट आठवत नसेल, तिने स्वतःला समजावलं. ‘मी येतेच आहे’ हे आपण फोनवर म्हटलं असेल आणि हे प्रश्न लिहिले असतील. किंवा हॅस्केलच्या ऑफिसातून कोणीतरी खोडसाळपणा केला असेल, कारण निघताना खातं बंद करायचं तिला लाजेपायी सुचलंच नव्हतं. तिने पासवर्ड बदलला. शेजाऱ्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सहज विचारावं तसं विचारलं, की जुना संदेश नंतर बदलता येतो का. मुलगी हसली. एकदा पाठवलं की पाठवलं, ते कोणाला बदलता येत नाही, म्हणाली.

तरी रोज सकाळी, पाइप कुरकुरले की, तिने एकेक जुना संवाद उघडायला सुरुवात केली. चर्चच्या पास्टरच्या बायकोचा. शाळेतल्या जुन्या शिक्षिकेचा. आधी काही बिघडलेलं दिसायचं नाही. आज नीट असलेला संवाद दुसऱ्या दिवशी तसा नसायचा. तिची सांत्वनं गेलेली असायची, ‘बिचारी तू’ गेलेलं असायचं, थट्टा गेलेली असायची. त्यांच्या जागी प्रश्न. ‘तारीख आठवते का ?’ ‘हे आणखी कोणाला माहीत आहे ?’ आणि समोरची माणसं उत्तरं देत होती. आधी बिचकत, मग गुमान, सगळं. लॉर्नाला कधीच माहीत नव्हत्या अशा गोष्टी ती माणसं तिलाच सांगत होती. वाचू नये असं तिला वाटायचं, आणि ती वाचायची. कॉफी पुढ्यात गार व्हायची.

डेलच्या संवादापाशी आल्यावर मात्र तिचा धीर सुटला. तिने त्याला फोन लावला. हवापाण्याचं बोलून झालं. मग तिने विचारलं, तू दारूबद्दल मला लिहायचास तेव्हा मी तुला काय म्हणायचे, आठवतं का?

पलीकडे डेलने टीव्हीचा आवाज कमी केला. फुटबॉलचा सामना चालू होता.

“आज काय हे मध्येच?” तो म्हणाला.

“सांग ना. मी धीर द्यायचे की नाही तुला?”

“धीर?” तो हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. “लॉर्ना, तू पोलिसासारखी विचारायचीस. किती प्यालास, कुठे प्यालास, गाडीत मुलं होती का. मी एकदा सांगितलंसुद्धा, की बाई, मी बहिणीशी बोलतोय. म्हणून तर मी सांगायचं सोडलं. मला वाटलं, तुला ठाऊक असेल.”

डेलने सांगायचं सोडलं होतं हे खरं होतं. तो सुधारला म्हणून सोडलं, असं इतकी वर्षं ती समजत आली होती.

फोन ठेवून ती उभीच राहिली. आपण तशाच होतो की काय? लोकांनी विश्वासाने दिलेलं आपण असंच उकरून घ्यायचो, आणि नंतर स्वतःची समजूत घालायला गोड उत्तरं मनाशी रचायचो? हॅस्केलने काही बदललं आहे, यापेक्षा तेच अधिक पटण्यासारखं होतं. कोणाला विचारायचीही सोय नव्हती. विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं, की मी तुमचं सगळं एका परक्या माणसाला उघडून दाखवलं.

४

आश्रमातलं काम कठीण नव्हतं. आल्यागेल्याचं नाव विचारायचं, फोन घ्यायचे, पाहुण्यांना खोली दाखवायची. लॉर्नाच्या टेबलासमोरच वर जायचा जिना होता आणि जिन्याच्या टोकाला हॅस्केलचं दार. दाराला वरच्या अर्ध्या भागात दुधी काच. काचेमागे तो बसलेला असला की नुसता करडा आकार दिसायचा, हालचाल नसलेला. दुपारी ती आणि डॉटी एकत्र जेवायच्या. डॉटी भडाभडा बोलायची, आणि लॉर्नाने काही विचारण्यासाठी तोंड उघडलं की स्वतःचाच आवाज ऐकून ती थबकायची. हळूहळू तिने डॉटीला काही विचारणंच सोडलं. मीठ आहे का, एवढंसुद्धा नाही.

एकदा हिय्या करून ती वर गेली. काय विचारायचं ते जिन्यात पक्कं केलं होतं, पण त्याच्यापुढे ते सगळं वेडसर वाटायला लागलं. ती एवढंच म्हणाली, की माझ्या मैत्रिणीचं जे होतं ते कृपा करून तिच्याविरुद्ध वापरू नका.

हॅस्केलने शांतपणे ऐकून घेतलं.

“मी काय केलं, मिसेस पेट्री? मी नुसता बसलो होतो. उघडलं तुम्ही.”

ती दारापर्यंत गेली, तेव्हा मागून तो अगदी आपुलकीने म्हणाला, “तुमचं स्वयंपाकघर छान आहे हो. दुपारचं ऊन काय सुरेख येतं टेबलावर.”

फोटोत बघितलं असेल, तिला वाटलं. घरी जाऊन तिने सगळे फोटो शोधले. अंगण होतं, व्हरांडा होता, नाताळचं झाड होतं. स्वयंपाकघराचा एकही फोटो तिने कधी टाकलेला नव्हता.

त्यानंतरच्या आठवड्यात हॅस्केलने डॉटीला वर बोलावलं. लॉर्ना खाली टेबलाशी बसून होती. काचेमागे दोन आकार दिसत होते. एक सारखा हलत होता, हात वर-खाली होत होते. दुसरा स्थिर होता. आवाज ऐकू येत नव्हता. टेबलावरचा फोन वाजत राहिला तरी तिने उचलला नाही. मग डॉटी खाली आली, आपल्या कपाटातले बूट आणि छत्री एका पिशवीत भरून. इतक्या वर्षांची नोकरी त्या पिशवीत मावली होती. ती लॉर्नाच्या टेबलासमोरून गेली. थांबली नाही. लॉर्ना उठून तिच्या मागे धावली नाही. मान खाली घालून ती येणाऱ्यांची वही सरळ करत बसली, ती सरळच होती तरी.

त्या संध्याकाळी तिने खातं कायमचं पुसून टाकलं. सगळी नावं, सगळे हसरे चेहरे गेले. पडदा कोरा झाला तेव्हा तिला वाटलं, निदान आता तरी हे थांबेल.

५

शनिवारी दुपारी डॉटी आली. हातात लॉर्नाचं काचेचं भांडं होतं, कारखान्यातलं, कधीतरी मॅकरोनी भरून दिलेलं. घासून लख्ख केलेलं. तिने ते ओट्यावर ठेवलं. बस म्हटलं तरी बसली नाही.

“मी नाही म्हटलं नाही त्यांना,” ती म्हणाली. “केलं ते केलं. उद्या पुन्हा वेळ आली तर मी त्या म्हाताऱ्याला पुन्हा पाव देईन. पण लॉर्ना, ते मी फक्त तुला सांगितलं होतं.”

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. लॉर्नाने सगळं सांगितलं. मुलाखत, कीबोर्ड, आपण हसलो तेही. बोलताना तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. डॉटी ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर धक्का बसल्याचं काही चिन्ह नव्हतं.

“ते मला माहीतच होतं,” ती म्हणाली. “आम्हा सगळ्यांकडूनच उघडवून घेतात तिथे. माझ्या वेळी साहेब दुसरे होते, आणि निदान माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. त्याचा राग नाही मला. पोटासाठी माणूस काय काय करतं. मला राग कशाचा आहे, सांगू? त्या दिवशी तू त्या हॅस्केलला घरी का बसवलंस?”

“कुठल्या दिवशी?”

“मिस्टर गॅन्टना पुरलं त्या दिवशी. मी दफनभूमीतून सरळ इथे आले, चिखलाचे बूट दारात काढले. तुम्ही दोघं इथे टेबलाशी बसला होतात. मला वाटलं, तुझ्या नवऱ्याकडचा कोणी पाहुणा असेल. तेव्हा तो आश्रमात आलेलाही नव्हता, आणि आल्यावरही आम्हा खालच्या बायकांना वर कोण बसतं ते कुठे दिसतं. परवा वर गेले, समोरासमोर बसले, तेव्हा ओळख पटली.”

“डॉटी, आपण दोघीच होतो.”

“मी दारात थांबले. परक्या माणसासमोर बोलू का म्हणून तुझ्याकडे बघितलं. तू मान डोलावलीस. म्हणून मी बोलले.” तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. “मी रडत होते, आणि तो शेजारी बसून नुसते ओठ हलवत होता. काहीतरी पाठ करत असल्यासारखे.”

“माझी शपथ, इथे कोणी नव्हतं.”

डॉटीने तिच्याकडे बघितलं. ती नजर लॉर्नाने कधी बघितली नव्हती. चोरी पकडली गेल्यावरही पोर नाही नाही म्हणत राहिलं, की आई बघते तशी.

“निदान एवढं तरी खरं बोलायचं होतंस,” डॉटी म्हणाली आणि गेली.

लॉर्ना दारात उभी राहिली. डॉटीची गाडी टेकडीच्या वळणावर दिसेनाशी झाली. स्वयंपाकघराकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत, ती तो दिवस आठवू लागली. डॉटी वेडी झाली नव्हती. मग नेमकं काय झालं होतं? दारातले चिखलाचे बूट आठवले. डॉटीचा काळा कोट आठवला. आपण उठून तिला जवळ घेतलं, हे आठवत होतं असं तिला वाटत होतं. पण नीट बघायला गेलं तर त्या आठवणीत ती उठत नव्हती. ती बसलेलीच होती. टेबलावर दुपारचं ऊन होतं, आणि त्या उन्हात, तिच्या कोपराला लागून, कोटाची एक करडी बाही.

कॉफी तिनेच ओतली होती. ‘दूध?’ म्हणून तिनेच विचारलं होतं, आणि त्याने नको म्हणून हात हलवला होता. मग दारात डॉटी उभी, डोळ्यांत तो प्रश्न घेऊन. आणि आपण मान डोलावली. हो, डोलावली होती. का, तेसुद्धा आता तिला आठवलं. गाव आपल्यापाशी कसं मन मोकळं करतं, ते कोणीतरी शेजारी बसून एकदा बघावं, असं तिला वाटलं होतं. फार दिवसांपासून वाटत होतं.

मागे स्वयंपाकघरात फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हलका, सभ्य. कोणी उठावं तसा, किंवा कोणी बसावं तसा.

लॉर्ना मागे वळली नाही. गाल तापले होते, कानशिलं तापली होती. रस्त्यावरून पास्टरची बायको कुत्र्याला घेऊन चालली होती. तिने नेहमीसारखा हात केला आणि फाटकाशी जरा थांबली, डोळे लाल, काहीतरी सांगायचं असल्यासारखी.

‘आज नको, घरी जा,’ असं तिला ओरडून सांगावं म्हणून लॉर्नाने तोंड उघडलं.

“आत ये ना,” तिच्या तोंडून आलं. “काय झालं ?”